जाळ दाखवलेला पाईप

मी पोटासाठी पाईप फोडते. असं सांगितलं की समोरचा हसतो, आणि हसू द्यावं, कारण ऐकायला ते आहेच तसं. चाकणच्या पुढच्या एका कारखान्यात पाण्याचे प्लास्टिकचे पाईप तयार होतात. त्यांची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये मी नोकरीला आहे. पाईपचा तुकडा घ्यायचा, त्याची दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं, तो टाकीत बुडवायचा आणि दाब वाढवत न्यायचा. फुटेपर्यंत. फुटला की टाकीतलं पाणी उसळतं आणि धप्प असा आवाज येतो. तो कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येतो. मी आकडा टिपते आणि दरवाज्याकडे बघते.

का बघते ते लॅबमध्ये कुणाला माहीत नाही. बरोबरचा मुलगा चिडवतो, “मॅडम, कुणी येणारंय का चहा घेऊन?” मी म्हणते, हो, तुझा बाप. असं काहीतरी फटकन बोललं की माणसं पुन्हा विचारत नाहीत.

आमचं गाव बेल्ह्याच्या पलीकडं, माळावर. आमची माणसं मूळची मेंढरांवाली. आण्णा, म्हणजे माझे वडील, लहानपणी कळपामागं कोकणात जाऊन आलेले. पुढं कालव्याचं पाणी खाली आलं, ज्याला त्याला विहिरीवरून शेतात पाईपलाईन हवी झाली, आणि आण्णांनी काठी ठेवून करवत हातात घेतली. पाईप जोडण्यात त्यांचा हात असा बसला की आणे पठारापासून इकडं ओतूरपर्यंत त्यांना बोलावणं यायचं.

त्यांची पद्धत सगळ्यांचीच पद्धत होती. जोड करायचा तर पाईपचं एक टोक तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या जाळावर धरायचं आणि गोल गोल फिरवत राहायचं. काळं पडू द्यायचं नाही. ते मऊ झालं की लाकडाचा गोल ठोकळा आत घालायचा, तोंड मोठं करायचं, वरून ओलं बारदान टाकायचं. गार झालं की त्या तोंडात दुसरा पाईप सोल्युशन लावून बसवायचा. बाजारात तयार जोड मिळत नाहीत असं नाही. पण जाळ फुकट आहे, आणि हाताला सवय आहे. आण्णा जाळावर पाईप फिरवायला बसले की आम्ही पोरं भोवती कोंडाळं करायचो. प्लास्टिकचा तो गोडसर जळका वास मला आवडायचा. आता नाही आवडत.

मी बारावीला असताना आमच्या भावकीनं मिळून कालव्याजवळच्या विहिरीवरून वर माळापर्यंत लाईन टाकायचं ठरवलं. या कामाचा खरा धनी होता दादा, माझा थोरला भाऊ. माळावर कांदा करायचा हे त्याच्या डोक्यात बसलं होतं, आणि त्याच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप व्हायचं. चढ मोठा, म्हणून दाब मोठा. नारायणगावच्या दुकानदारानं नव्या जातीचे पाईप दाखवले. म्हणाला, “पातळ दिसतो, पण जुन्या जाड पाईपाला भारी हाय. एका टोकाला तयार तोंड, आत रबर. निस्तं ढकलायचं. जाळाची गरज न्हाई, सोल्युशनची गरज न्हाई.”

पाईप खरंच हलके होते. दादा एक खांद्यावर टाकून नाचत घरी आला. आण्णांनी नखानं वाजवून बघितला, वाकवून बघितला आणि भिंतीला लावून ठेवला.

लाईन चढत गेली. वरच्या अंगाला एक कातळ आला, तिथं पाईप कापावा लागला. उरलेल्या तुकड्याला तयार तोंड राहिलं नाही. जोड आणायचा तर नारायणगाव, आणि त्या दिवशी दुकान बंद. बाकी सगळी लाईन झाली होती. वर माळावर भावकीतल्या बायका हळदीचा भंडारा घेऊन पाण्याची वाट बघत बसल्या होत्या, मेंढरं विकताना आणि विहिरीला पाणी लागताना जसा उधळतात तसा उधळायला. आई त्यांच्यातून उठून खाली आली होती. मी चहाची किटली घेऊन आले होते. आण्णांनी आजूबाजूच्या तुराट्या गोळा केल्या आणि जाळ केला.

ते मला आजही लख्ख दिसतं. पाईप फिरवता फिरवता आण्णा थांबले. म्हणाले, “ह्यो अंग चोरतोय.” टोक मऊ झाल्यावर सैल पडायच्या ऐवजी आत ओढत होतं, बारीक होत होतं. असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी घाईनं ठोकळा आत दाबला, तर पाईप ठोकळ्यावर आवळला. हाताला ओढ जाणवत होती. दादा हसला आणि म्हणाला, “आण्णांच्या हाताला न्हाई म्हणणारा पाईप अजून जन्मायचाय.” आण्णांनाही जरा हसू आलं. ठोकळा आत ठेवूनच त्यांनी ते टोक पुन्हा जाळावर धरलं, आणि फिरवत राहिले. बराच वेळ. शेवटी पाईप ओढायचा थांबला. मग बारदान टाकलं. जोड देखणा झाला होता.

पाणी वर गेलं. भंडारा उधळला. दादानं डोकं कॉकखाली धरलं आणि पिवळ्या पाण्यात न्हाला.

लाईन काही आठवडे चांगली चालली. मग एका सकाळी लाईट आली, खाली मोटार सुरू झाली, दादा वरचा कॉक उघडायला गेला होता. मी कॉलेजची पिशवी घेऊन दारात उभी होते. धप्प असा आवाज आला. फार मोठा नव्हता. आण्णा गोठ्यात होते. मी रस्त्याकडे बघत उभी राहिले, कारण काहीतरी झालंय आणि कुणीतरी सांगायला येणार एवढं कळलं होतं. चुलतभाऊ पळत आला. “पाईप फुटला,” म्हणाला, आणि पुढचं त्याला सांगता येईना.

कॉकाच्या वाटेवर, कातळापाशी, जमिनीखालचा पाईप त्याच जोडाला फुटून वर आला होता, दगडमाती घेऊन. तुटलेलं टोक दादाच्या छातीवर बसलं होतं. जीपमध्ये घालून नारायणगावला नेईपर्यंत रस्त्यातच तो गेला.

त्यानंतर आमच्या घरात एक वाक्य राहायला आलं. पाईपच खराब होता. भावकी म्हणाली, पाहुणेरावळे म्हणाले, दहाव्याला आलेला दुकानदारसुद्धा मान खाली घालून म्हणाला की एखाद्या पाईपात दोष असू शकतो, नाही कशाला म्हणू. त्यावर आण्णा म्हणाले, “पाईप चांगला व्हता. म्या फोडला.” लोकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवले. म्हणाले, आण्णा, असले जोड तुमी हयातभर केले, एक तरी फुटला का? आण्णा म्हणाले, “त्यो अंग चोरत व्हता. त्यानं सांगितलं व्हतं मला.” तेव्हा लोकांनी एकमेकांकडं बघितलं. दुःखानं माणूस काहीही बोलतं. आईनं तर एकदा सरळ त्यांच्या तोंडावर हात दाबला. “पाईपच खराब व्हता,” ती म्हणाली. “आता परत हे या घरात काढायचं न्हाई.”

आण्णांनी परत काढलं नाही. हळूहळू दुसरंही काही काढेनासे झाले. फिटरचं काम सोडलं, करवत कुणाला तरी देऊन टाकली, बेल्ह्याच्या बाजारातून चार मेंढरं आणली आणि त्यांच्यामागं हिंडू लागले. बिबट्या हिंडतो म्हणून लोक दिवस मावळायच्या आत जनावरं आत घेतात. आण्णा अंधारून येईपर्यंत माळावरच. आई दारात उभी राहून हाका मारायची. कधी कधी तिच्या तोंडून दादाचं नाव यायचं, मग ती तिथंच थांबायची आणि आत जाऊन लसूण सोलायला घ्यायची.

लाईन दुरुस्त झाली. जुन्या जातीचा जाड पाईप टाकला. माळावर कांदा होतो, चांगला होतो, दादा म्हणाला होता तसाच. पण मोटार सुरू झाली की पाईपात आधी हवा पळते, आणि जमिनीखालून टक टक असा आवाज चढावर जातो. कुणीतरी काठी टेकत वर चालल्यासारखा. तो आवाज आला की आण्णा उठून उभे राहतात. जेवत असले तरी हातातली भाकरी तशीच धरून उभे. वर कॉकातून पाणी पडल्याचं कळलं की मगच खाली बसतात. हे आजही चालू आहे. आमच्याकडं नवीन आलेला पाहुणा घाबरतो.

मला दादा दिसतो असं मी म्हणणार नाही. मी लॅबवाली बाई आहे, मला ते शोभायचं नाही. पण माळावर एकटी गेले आणि तो आवाज माझ्या पायाखालून पुढं गेला की मी कॉककडं बघत नाही. एवढं खरं.

प्लास्टिकचं शिक्षण मी का घेतलं हे मुलाखतीत विचारलं तेव्हा या क्षेत्राला भविष्य आहे असं काहीतरी मी म्हणाले. खरं सांगितलं असतं तर नोकरी मिळाली नसती. मला तो पाईप समजून घ्यायचा होता. दुश्मनाचं घर बघायला जावं तशी मी गेले.

आणि कारखान्यात पहिल्याच महिन्यात मी ते पाहिलं. नव्या जातीचा हा पाईप आधी बारीक आणि जाड बनवतात. मग तो नीट मोजून तापवतात, आतून फुगवून मोठा करतात आणि ताणलेला असतानाच गार करतात. तो रुंद होतो, पातळ होतो, आणि पातळ असून आधीपेक्षा कितीतरी चिवट होतो. कारण प्लास्टिकच्या आत लांबच लांब रेणू असतात, न दिसणारे धागे. ते मुळात एकमेकांत गुरफटून पडलेले असतात. ताणल्यावर ते पाईपच्या घेराभोवती एका दिशेनं ओळीत येतात आणि पाण्याचा दाब अडवून धरतात. लॅबच्या साहेबांनी त्या पाईपची एक कडी कापली, बांगडीएवढी रुंद, आणि गरम द्रवात टाकली. ती आमच्या डोळ्यांदेखत आवळली. लहान झाली, जाड झाली, फुगवण्याआधी जशी होती तशी होऊन बसली. बाकीची पोरं वा वा करत होती. साहेब म्हणाले, हिला आपलं आधीचं रूप आठवतं. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

अंग चोरत होता, म्हणजे हे.

पण एवढ्यानं सगळं कळलं असं नव्हतं. उलट मला तेव्हापासून झोप लागेना. धागे नीट ओळीत न आलेला, कारखान्यातूनच कच्चा निघालेला पाईपही असू शकतो. वरून बघून ते ओळखता येत नाही. तसा असेल तर लोक म्हणत होते तेच खरं, आणि आण्णा उगाच जळत होते. आणि पाईप चांगला असेल, तर ठोकळ्यावर घट्ट बसवून, आवळू न देता, तो ओढायचा थांबेपर्यंत जाळ दिल्यावर आतले धागे पुन्हा गुरफटले असणार, आणि भिंत मात्र पातळच राहिली असणार. म्हणजे ना जाडी उरली ना धाग्यांची ओळ. दोन्ही शक्य होतं. मी मनातून पहिलंच खरं असावं म्हणून धडपडत होते. लॅबमध्ये एखादा पाईप लवकर फुटला की मला बरं वाटायचं. नोकरी करणाऱ्या बाईला हे वाटणं बरोबर नाही, पण वाटायचं.

मंचरला मी खोली घेऊन राहते. सुट्टीला नारायणगावपर्यंत एसटी आणि पुढं वडाप जीप करून घरी जाते. या उन्हाळ्यात अशीच गेले होते. दुपारी चुलतभावाच्या मुलीला मोबाईलवर त्या कडीचा व्हिडिओ दाखवत होते. तिला शाळेत काहीतरी प्रयोग करून न्यायचा होता. आण्णा ओट्यावर बसले होते. ते कधी आमच्या मागं येऊन उभे राहिले कळलं नाही.

“परत दाव,” ते म्हणाले.

मी दाखवला. कडी आवळली.

“परत.”

असं चाललं. पोरगी कंटाळून पळाली. आण्णांनी मोबाईल हातात घेतला नाही, फक्त वाकून बघत राहिले. मग विचारलं, “ह्यो त्योच पाईप हाय ना? पातळ?” मी हो म्हणाले. “ह्यो असं का करतो?”

आई आतून सगळं ऐकत होती हे मला माहीत होतं. तरी मी सांगितलं. आमच्याकडं लोकर आहे, सूत कातायची चाती आहे, मला उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. कापलेली लोकर मुठीत घेऊन ओढली तर तुटून येते, मी म्हणाले. तीच विंचरली, तिचे केस एका दिशेला लावले, ओढून सूत काढलं की त्याची घोंगडी माणसाचं वजन पेलते. पाईपाचंही तसंच. कारखान्यात त्याला विंचरून ओढतात. जाळ लागला की केस परत मोकळे होतात आणि मागं पळतात.

“आन् मागं पळू दिलं न्हाई तर?”

मी मोबाईल पालथा ठेवला.

“ठोकळा घालून दाबून धरला, आन् जाळ देतच ऱ्हायलं तर?” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “म्या थांबलो न्हाई. त्यो ओढायचा थांबला. मला वाटलं, जमलं.”

मग ते उठले आणि घरात गेले. पोटमाळ्यावरून त्यांनी बारदानात गुंडाळलेलं काहीतरी खाली काढलं. ते तिथं आहे हे मला ठाऊक नव्हतं. आईला होतं, तिच्या तोंडावरून दिसलं. फुटलेल्या जोडाचा तुकडा होता. आण्णांनी केलेलं तोंड अर्ध्या घेरापेक्षा जास्त शाबूत होतं, बाकीचं फाटलेलं. त्यावर माती वाळून बसली होती. आणि त्याच पाईपचं दुसरं, जाळ न लागलेलं टोक गोठ्यात कोंबड्यांच्या पाण्याला पन्हळ म्हणून आडवं टाकलेलं होतं. आजवर मी त्यात कितीदा पाणी ओतलं होतं.

“दोन्ही टाक,” आण्णा म्हणाले. “गरम पाण्यात.”

आई म्हणाली, “ते चुलीत घाला आदी. घरात अवदसा ठेवलीय इतकी वर्सं.”

“चुलीतच घालायचंय,” आण्णा म्हणाले. “पर हिच्या पद्दतीनं.”

मला ते करायचं नव्हतं. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हणाले, आण्णा, एकदा गरम केलं की संपलं, परत बघता येणार नाही. आणि बघून दादा येणार नाही. ते म्हणाले, “ठाऊक हाय.” मी म्हणाले, काय निघेल ते तुम्हाला सोसणार नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी करवत आणायला उठले.

पन्हळीच्या न चिरलेल्या टोकातून एक कडी कापली. फाटलेल्या तोंडातून तेवढ्याच रुंदीचा, वाकलेल्या कोयत्यासारखा एक तुकडा कापला. कागदावर ठेवून दोन्हीच्या कडा पेन्सिलीनं काढून घेतल्या, म्हणजे नंतर ताडून बघता येईल. आईनं मोठं पातेलं दिलं, तेही आपटून. मी गॅसवर पाणी ठेवलं.

पाणी तापत असताना माझ्या मनात काय काय आलं ते सांगते. पाणी कोमट असतानाच दोन्ही तुकडे टाकले असते तर एकही हलला नसता. मग मी म्हणू शकले असते, आण्णा, घरच्या पाण्यात हे कळत नाही, याला मशीन लागतं. दोघांनीही मान्य केलं असतं. मी शिकलेली ना. आई दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती, आणि तिला नेमकं तेच हवं होतं हे मला तिच्या तोंडावर वाचता येत होतं. मी तुकडे उचलले. आण्णांनी पातेल्यावर तळवा धरला, वाफ हाताला घेतली आणि म्हणाले, “अजून न्हाई.” ज्या माणसानं हयातभर प्लास्टिकला ऊब दिली त्याला मी काय फसवणार होते. पाणी खळाळून उकळेपर्यंत आम्ही तिघं पातेल्याभोवती उभे होतो. बाहेर कुणाच्या तरी मोटारीचा आवाज आला, जमिनीखालून टक टक वर गेली. आण्णा उभेच होते.

मग मी पन्हळीतली कडी सोडली. ती क्षणभर तरंगली, बुडाली, आणि आवळायला लागली. व्हिडिओत दिसते तशीच. जिवंत काहीतरी थंडीनं गोळा होत जावं तशी ती लहान झाली, जाड झाली. मी चिमट्यानं बाहेर काढली आणि कागदावर तिच्या रेषेत ठेवली. रेषेच्या खूप आत ती बसली. इतका चांगला ताणलेला पाईप मी लॅबमध्येही रोज बघत नाही. त्यात काही दोष नव्हता. धागे जागच्या जागी, ओळीत होते.

आई भिंतीला टेकली.

जोडाचा तुकडा आण्णांनी स्वतः सोडला. तो बुडाला. आम्ही वाट बघितली. बुडबुडे त्याला हलवत होते, तेवढंच. मी चिमट्यानं दाबून बघितला, मऊ झाला होता, पण जिथं होता तिथं होता. आणखी वाट बघितली. मी मनात म्हणत होते, जरा तरी आवळ, बोटभर तरी. पण त्याला कुठं जायचंच नव्हतं. त्याचं जे काही आठवायचं होतं ते त्या तुराट्यांच्या जाळात केव्हाच पुसून गेलं होतं. बाहेर काढून कागदावर ठेवला तर तो रेषेवर बरोबर बसला.

आण्णांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी लहान झालेली कडी उचलली, अजून गरम होती, आणि ती हातात धरूनच विचारलं, “म्हंजी पाईप चांगला व्हता?”

“हो.”

“आन् म्या त्याचं सूत सोडवलं.”

“अवं,” आई म्हणाली.

आजवर या प्रश्नाला आमच्या दारात आलेल्या प्रत्येक माणसानं नाही म्हटलं होतं. भल्यासाठीच म्हटलं होतं. मलाही नाहीच म्हणायचं होतं, जिभेवर आलं होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं आण्णा, कुणालाच ठाऊक नव्हतं, हे सगळं मला म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं.

“हो आण्णा,” मी म्हणाले. “तुमच्या जाळानं.”

त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत कुणाच्या बोलण्यावर त्यांनी अशी मान हलवलेली मी पाहिली नव्हती. त्यांचे खांदे खाली आले. मला वाटलं ते पडतील म्हणून मी पुढं झाले, पण आईनं आधीच त्यांचा दंड धरला होता.

“मला ठाऊक व्हतं,” आई म्हणाली. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, पातेल्याकडं बघत होती. “त्यो आत ओढत व्हता ते म्या बी बघितलं व्हतं. तितंच उबी व्हते. पहिल्या दिसापासनं ठाऊक व्हतं. पर म्या हो म्हटलं असतं तर तुमी ऱ्हायला नसता. इहीर काय लांब हाय व्हय आपल्याला? लेक गेला, तुमाला बी कुटं जाऊ देऊ?”

आण्णा तिच्याकडं बघत राहिले. आपल्याच बायकोला पहिल्यांदा बघत असल्यासारखे.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “ह्या घरात त्ये मला एकट्यालाच ठाऊक हाय.”

आणि मग ते रडले. दादा गेला त्या दिवशीही ते रडले नव्हते.